पेडगावची बिनअळीची वांगी

तीस वर्षं मी वांग्यात जनुक घालायचं काम केलं आणि त्यातल्या एकाही वांग्याची भाजी झाली नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आमचं काचघर होतं. त्याला दोन दारं, दोन कुलपं आणि वर मुंगीसुद्धा शिरणार नाही अशी जाळी. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक काढून वांग्याच्या झाडात बसवायचं, मग झाड स्वतःच असं एक प्रथिन तयार करतं की शेंडे आणि फळं पोखरणारी अळी ते खाऊन मरते. यालाच लोक बीटी म्हणतात. अळी आपोआप मेली की औषध फवारायला नको, इतकी साधी गोष्ट. कापसाला परवानगी मिळाली. वांग्याची मिळता मिळता अडकली ती अडकलीच. तिकडे बांगलादेशात शेतकरी असली वांगी पिकवतात, विकतात, खातात. आम्ही मात्र प्रयोग संपला की झाडं शास्त्रोक्त जाळून टाकायचो आणि घरी जाताना मंडईतून किडकी वांगी घेऊन जायचो. असं हे माझं देदीप्यमान कार्य. निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ आणि वांग्याचं चित्र असलेला चहाचा कप मिळाला. कपाचा कान आठवडाभरात तुटला.

अशा सुखात असताना पेडगावहून दिगंबरचा फोन आला. दिगंबर म्हणजे माझा मावसभाऊ, पन्नाशीचा, परभणी तालुक्यात बागायती शेती करणारा. बोलताना समोरचा माणूस दोन शेतं पलीकडे उभा आहे असं समजून बोलतो.

"अक्का, तुमी तिकडं काचंत वांगी लावत बसल्या जन्मभर. मी हितं दीड एकर बीटी वांगं लावलंय. एक फवारा न्हाई मारला. एक अळी दाखवा, मिशी काढतो!"

परवानगी नसलेलं वांगं दीड एकरात, तेही उघड्यावर, आणि गावभर सांगून! मी घाबरायला हवं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. मी ओळखीच्या प्रयोगशाळेतून बीटी तपासायच्या कागदी पट्ट्या मागून घेतल्या आणि तिकीट काढलं. एकदा तरी ते झाड उन्हावाऱ्यात उभं असलेलं मला बघायचं होतं.

पेडगाव, पहिला दिवस

परभणी स्टेशनवर उतरले तेव्हा चैत्रातलं ऊन सकाळीच कामाला लागलं होतं. दिगंबर मोटारसायकल घेऊन हजर. "कस्काय अक्का? लय वाळल्या की!" निवृत्तीनंतर माझं वजन चांगलंच वाढलंय, पण इकडे पाहुण्याला वाळलेलं ठरवल्याशिवाय जेवू घालता येत नाही. आमच्याकडे पुण्यात पाहुणा दारात आला की आम्ही त्याला परतीची गाडी कधी आहे ते विचारतो. दोन्हीकडे काळजीच असते म्हणा.

वाटेत माझा स्कार्फ उडून गेला. मी ओरडले तर दिगंबर मागे न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, कुनाच्या तरी शेळीला व्हईल."

जेवायला ज्वारीची गरम भाकरी, भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची म्हणजे येसरची आमटी आणि काळ्या तिखटातलं, शेंगदाण्याचं कूट भरलेलं वांगं. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. दिगंबरची बायको सुमन समोर बसून बघत होती. "गूळ नाही का गं घालत?" मी विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वांग्यात साबण घालायला सांगितलाय. "गूळ? वांग्यात? आजारी मान्साला करतेत का तसलं तुमच्याकडं?" मी तिसरी भाकरी घेतली आणि विषय संपवला.

उतरत्या उन्हात शेत पाहायला गेलो. बांधावर मी थांबले. दीड एकर वांगी, जांभळी, तुकतुकीत, कुठे जाळी नाही, कुलूप नाही, झाडांवरून वारा जातोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि यावेळी तिखटाचा काही संबंध नव्हता.

मग सवयीनं जवळ गेले. चार-सहा झाडांचे शेंडे माना टाकून लोंबत होते. ही अळी आत शिरली की शेंडा असाच मान टाकतो.

"दिगंबर, हे शेंडे बघितलेस का?"

"ऊन लय हाय अक्का."

"उन्हानं सगळं झाड सुकतं. नुसता शेंडा सुकत नाही."

"पेडगावचं ऊन हाय. कुटं बी लागतंय." आणि त्यानं मला पटकन दुसऱ्या सरीत नेलं. तिथं बी धरायला ठेवलेली पिवळीधमक वांगी होती. मृगाला लावायला म्हणून अर्ध्या गावानं त्याच्याकडे या बियाण्याची मागणी नोंदवली होती. त्या पिवळ्या वांग्यांकडे तो लग्नाच्या पोरींकडे बघावं तसा बघत होता.

शेताला लागून पडीक रानात मेंढरं उभी होती. उभीच होती, कारण खायला काहीच नव्हतं. त्यांची मालकीण गयाबाई, चाळिशीची, उन्हानं रापलेली, कडेवर आठवड्याचं कोकरू. इकडची जुनी रीत अशी की पीक संपत आलं की मेंढरं रानात सोडायची. ती पाला खातात, रात्री तिथंच बसतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं. दिगंबरच्या शेताचा एक तुकडा संपत आला होता, तो त्यानं गयाबाईला कबूल केला होता. पण रानाशी आल्यावर तिला कळलं की वांगं बीटीचं आहे, आणि तिनं कळप तिथंच थांबवला.

"मव्ह्या सासूची मेंढरं गेली हुती सरकीच्या रानात," ती मला म्हणाली. "कापूस येचून झाल्यावर पाला खाल्ला. सांजंला पटापटा पडली. लोक म्हनले बीटीनं गेली. कुनी म्हनले दुसऱ्या कशानं. कशानं गेली ते कुनी येऊन सांगितलं न्हाई, मेंढरं तेवढी गेली. तुमी त्यातल्या शिकल्याल्या हाव म्हनं. एवढंच सांगा, सोडू का नको?"

किती सोपा प्रश्न! मी लगेच उत्तर द्यायला सुरुवात केली. म्हटलं, हे प्रथिन अळीच्या आतड्यात काम करतं, कारण तिथला रस वेगळा असतो. मेंढीच्या पोटात ते साध्या प्रथिनासारखं पचून जायला हवं. तसे प्रयोगही झालेत. पण हे बियाणं कुठून आलं, त्यात नेमकं काय आहे हे कुणी तपासलेलं नाही, तेव्हा निश्चित विधान करणं योग्य ठरणार नाही.

गयाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. कोकरानंही ऐकलं.

"म्हंजी सोडू?"

"म्हणजे... आधी तपासावं लागेल."

"बरं," ती म्हणाली. "दोन दिस झाले नुस्ता धुरळा चाटायलेत. आजूबाजूला हिरवं म्हनून हेच हाय. तुमचं तपासून व्हईस्तवर बसते." आणि ती बाभळीखाली बसली. एवढ्या वर्षांत माझ्या उत्तराची इतक्या आतुरतेनं कुणी वाट बघितली नव्हती. आमच्या परिसंवादांत लोक जेवणाची वाट बघतात.

पाथरी

तपासणी तिसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या गावासमोर करायची, असं दिगंबरनं ठरवून टाकलं. त्याआधी ही रोपं जिथून आली ते ठिकाण मला पाहायचं होतं. दुकान पाथरीत होतं. दिगंबरला म्हटलं चल. तर एरवी सावलीतून न उठणारा हा माणूस म्हणाला, "मला रानात लय काम हाय. सुमनला न्या."

सुमन आणि मी जीपमध्ये बसलो. बसलो म्हणजे जीपनं आम्हाला सामावून घेतलं. माझ्या मांडीवर एका आजोबांची पिशवी, पायाशी एक बोकड. बोकडानं मानवतपर्यंत माझ्या पर्सचा बंद चघळला. मी तक्रार केली तर मालक म्हणाला, "चांगला हाय की बंद, खाऊन बघितला त्यानं."

पाथरीत देवदर्शनाला आलेल्या यात्रेकरूंच्या गाड्या, नारळ, पेढे आणि हॉर्न यांतून वाट काढत आम्ही दुकानाशी पोचलो. दुकानदार तोंडानं साखर वाटणारा माणूस होता. "तशरीफ ठेवा मॅडम. ए, च्या सांग!"

"ही बीटी वांग्याची रोपं तुम्ही कुठून आणता?"

"वरून."

"वरून म्हणजे?"

त्यानं हातानं छताकडे दाखवलं. मी वर पाहिलं. पंखा होता.

"मॅडम, आपल्याकडं बीटी हाय, डबल बीटी हाय, आन् यंदा त्याचा बाप आलाय. अळी वासानंच बेहोश व्हती. गॅरंटी. जिम्मेदारी माझी."

"वांग्यात डबल बीटी कुणी केलं?"

"कंपनीनं."

"कुठल्या?"

"वरच्या."

पुन्हा पंखा. जे आमच्या संस्थेला तीस वर्षांत, एवढ्या खर्चात आणि एवढ्या समित्यांत जमलं नाही, ते या पंख्याखाली जमलं होतं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"मग बीटी लावलं की फवारा नको ना?"

"आजिबात न्हाई!" मग आवाज उतरवून, आपुलकीनं, "फक्त तसल्लीसाठी अधूनमधून मारायचा. ह्यो बगा, बीटीसंगं चालणारं खास कडक औषध. समदे संगंच नेतेत."

सुमन त्या बाटल्यांकडे बघत होती. परत येताना जीपमध्ये ती एकदम म्हणाली, "अक्का, अशीच बाटली घरी हाय वो. रिकामी. ह्यांनी सांगितलं, जुनी हाय." मी म्हटलं असेल जुनी. मला तेव्हा त्या पट्टीवर दोन रेघा, म्हणजे बीटी असल्याची खूण, दिसायला हव्या होत्या, बाकी कशाचाही विचार करायची माझी तयारी नव्हती.

पेडगाव, तिसरा दिवस

पहाटेच वांग्यांचा तोडा झाला. सुमन आणि दोन मजूर बायांनी वांगी तोडली, भरलेले कॅरेट टेम्पोत चढले आणि टेम्पो परभणीच्या बाजाराला गेला. मी चहा पिऊन रानात पोचले तोवर बांधावर ही गर्दी! बियाण्याची मागणी नोंदवलेले सगळे आले होते. काल दिवसभर मेंढरं पाण्यावर घेऊन गेलेली गयाबाई परत येऊन कळपासकट वाटेच्या तोंडाशी उभी. मेंढरं हिरव्याकडे बघून ओरडत होती.

हवेत एक उग्र वास होता.

"कसला वास रे?"

"शेजारच्यानं टरबुजाला मारलंय," दिगंबर म्हणाला. शेजारी टरबूज होतंही. मी मान डोलावली. इतकी शिकलेली असूनही मी मान डोलावली, हे मुद्दाम सांगते.

वांग्याचं पान चुरगाळून पाण्यात घातलं, त्यात पट्टी उभी केली. "एक रेघ आली तर साधं वांगं. दोन आल्या तर बीटी," मी जाहीर केलं.

"दोन रेघा म्हंजी गोड बातमी!" मागून एक बाई म्हणाली आणि सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दिगंबर मात्र अडलेल्या बाळंतिणीच्या नवऱ्यासारखा येरझाऱ्या घालत होता.

वरची रेघ आली. ती येतेच, पट्टी चांगली आहे एवढंच ती सांगते. आम्ही खालच्या रेघेची वाट बघितली. मी पट्टी तिरपी धरली, उन्हात धरली, सावलीत धरली. दुसरं पान घेतलं, दुसरी पट्टी. मग शेताच्या चार कोपऱ्यांतली पानं. सगळीकडे एकच रेघ.

नियमानं मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी इतक्या लांब एका झाडाला भेटायला आले होते आणि ते इथेही नव्हतंच.

"साधं वांगं आहे," मी म्हणाले. "यात बीटी-बिटी काही नाही. दुकानदारानं फसवलं तुला."

बांधावर हशा उसळला. "दिगूभाऊ, काढा आता मिशी!" कुणीतरी ओरडलं. दिगंबरचा चेहरा पडला. पण किती वेळ? गडी क्षणात सावरला. छाती काढून म्हणाला, "आरं हसता काय? बीटी न्हाई, तरी अळी न्हाई! म्हंजी ह्ये रान कसलं असंल? बिनबीटी, बिनफवारा! मव्ह्या जमिनीचं बी हाय ह्ये. असं बी मिळंल का परभणी जिल्ह्यात?"

आणि काय सांगू, हशा थांबला. लोक विचारात पडले. "खरंच की," एक जण म्हणाला, "मंग मला जरा जास्तीच बी ठिव." दुसऱ्यानं त्याच्या आधी आपलं नाव असल्याची आठवण करून दिली. फसवला गेलेला माणूस उभ्या उभ्या अधिक मोठा झाला. विज्ञानाचा असा उपयोग मी पहिल्यांदाच बघत होते.

गयाबाई पुढे आली. "बाई, मंग? सोडू?"

या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे होतं. अटी नाहीत, परंतु नाही, निश्चित विधान करता येणार नाही वगैरे काही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात उत्तर दिलं.

"सोडा."

गयाबाईच्या तोंडावर हसू फुटलं. तिनं कडेवरचं कोकरू खाली ठेवलं, वाट मोकळी केली आणि जिभेनं टाळी वाजवल्यासारखा आवाज केला. सगळा कळप एकदम सुटला.

मी दिगंबरकडे सहज पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. एका बाजूला अर्धं गाव उभं होतं, ज्याला त्यानं नुकतंच बिनफवाऱ्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या बाजूला मेंढरं. पहिली मेंढी सरीत शिरली. तिनं पानाला तोंड लावलं.

"थांबीव!" दिगंबर किंचाळला आणि चपला तिथंच टाकून अनवाणी धावत सुटला. "गया, थांबीव! नगं खाऊ दिऊस! काल फवारलंय! आन् परवाच्या आधी बी!"

त्यानं त्या मेंढीला कवेत धरून मागे ओढलं. गयाबाईनं काठी आडवी घातली, बाया धावल्या, मीही धावले आणि सरीत पालथी पडले. धुळीत, ओरडाआरड्यात कळप मागे वळवला. गयाबाईनं मेंढीच्या तोंडात बोटं घालून पाला ओढून काढला, पाणी मागवून तिचं तोंड धुतलं, आणि तिची मान मांडीवर घेऊन बसली. बऱ्याच वेळानं मेंढी उठली, अंग झाडलं आणि कोकराला हुंगू लागली.

मग सुमनचा आवाज आला. "काल फवारलं? मी पाथरीला गेले तवा? आन् पहाटं मला तोडायला लावलं व्हय? सकाळधरनं मव्हे हात चुरचुरायलेत, तर ऊन लागलं म्हनला!"

"अक्कानं शेंडे बघितले..." दिगंबर मान खाली घालून म्हणाला. "लोक येनार हुते. एक जरी अळी निघाली असती तर काय ऱ्हायलं असतं माझं?"

पाहुणी येणार म्हणून लोक घर सारवतात. यानं माझ्यासाठी दीड एकर फवारलं होतं.

गयाबाई माझ्याकडे बघत होती. "बाई, तुमी तर सोडा म्हनल्या."

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुम्ही विचारलंत मेंढरं सोडू का, आणि मी सांगितलं बीटी आहे का."

तिनं मान हलवली, क्षमा केली की नाही ते कळलं नाही. मग ती दिगंबरकडे वळली. "भाऊ, पळत आला, लय उपकार झाले. पन एक इचारते. मेंढराला चालत न्हाई, तर मंग पहाटं टेम्पोत भरली ती वांगी कुनाला चालतेत?"

दिगंबरनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "ती... लोक धुऊन खातेत की."

"फोन लाव," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता टेम्पोवाल्याला फोन लाव. माल परत आणायला सांग."

त्यानं फोन लावला. सुमननं तो हातातून ओढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. पलीकडे बाजाराचा गलका होता आणि त्यात टेम्पोवाल्याचा खूश झालेला आवाज.

"भाऊ, तुमालाच फोन करनार हुतो! उतरवायच्या आधी गेला समदा माल. बाया नुस्त्या तुटून पडल्या. म्हनल्या, लेकरायच्या डब्याला असलंच बिनअळीचं पायजे. उद्या दुप्पट धाडा!"